गेलेल्या माणसाशी ‘बोलणं करून देणाऱ्यां’पासून सांभाळा

माझे वडील गेल्यावर थोड्याच दिवसांत आईला कुणीतरी एका ताईंचा नंबर दिला. त्या व्हिडिओ कॉलवर आत्म्याशी बोलणं करून देतात म्हणे. देह सुटला तरी माणूस उरतो, ही आईची जुनी श्रद्धा; गीतेचा दुसरा अध्याय तिला पाठ आहे. त्या श्रद्धेला माझा हात लागणार नाही. तिच्यावर धंदा करणाऱ्यांबद्दल मात्र बोललंच पाहिजे.

पहिल्याच कॉलमध्ये त्या बाईंनी बाबांचं गुडघ्याचं दुखणं, नातीचं लाडाचं नाव सगळं अचूक सांगितलं. आईला रडू आवरेना. हे सगळं दशक्रियेच्या वेळी फेसबुकवर टाकलेल्या फोटोखाली नातेवाइकांनी लिहिलेलं होतं. बुकिंग करताना पूर्ण नाव, गाव आणि फोटो मागतात ते यासाठीच. बाकीचं आईकडूनच काढलं. ‘छातीत दुखायचं का?’ आई नाही म्हणाली, की लगेच ‘श्वास, श्वास म्हणतायत ते’.

बाबा घरात जन्मभर अहिराणी बोलले. त्यांचा ‘आत्मा’ पुस्तकी मराठीत बोलत होता. मी विचारलं, तर म्हणे देहाबरोबर बोलीही सुटते! १९२२ मध्ये अटलांटिक सिटीत जादूगार हॅरी हुडिनीला त्याच्या मृत आईचा ‘निरोप’ असाच पानंच्या पानं इंग्रजीत लिहून मिळाला होता, वर क्रूस काढून. ती माउली ज्यू होती आणि तिला इंग्रजी धड येत नव्हतं.

मग खरी मागणी आली. ‘ते अडकलेत. मुक्तीचा विधी केला नाही, तर नातीवर येईल.’ आईने बांगड्या मोडल्या आणि यूपीआयने पैसे पाठवले. एका आजीला तिच्या नातीचं नाव घेऊन घाबरवायचं, याच्याइतकं नीच काम मला दुसरं माहीत नाही.

महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. अंगात अलौकिक शक्ती असल्याचं भासवून भीती घालणं, ऐकलं नाही तर वाईट होईल अशी धमकी देणं हा त्यात अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. आम्ही व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि पैशांच्या नोंदी जोडून तक्रार दिली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. तुमचे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. उशीर झाला की रक्कम त्या खात्यातून पुढे सरकते. आणि श्रद्धांजलीच्या पोस्टखाली आजारपण, घरातली टोपणनावं लिहू नका, पाहुण्यांनाही तसं सांगून ठेवा.