मुलांसाठीची ड्रग लेव्हल सर्व्हिस – ५ पैकी साडेचार स्टार

किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या मुलांच्या आईबाबांनी हा रिव्ह्यू जरूर वाचा. आमची लेक टॅक्रोलिमसवर (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध) आहे आणि तिच्या लेव्हल, म्हणजे रक्तात ते औषध किती आहे ते, आम्ही मुलांच्या हॉस्पिटलमधल्या क्लिनिकल फार्माकॉलॉजीच्या टीमकडे करतो. रक्तातली लेव्हल मोजून आकडा हातात देणाऱ्या लॅब भरपूर आहेत, पण ही टीम आकडा बघायच्या आधी विचारते की मूल सध्या आजारी आहे का, ताप आहे का, जुलाब होतायत का, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) किती आलाय. साडेचार स्टार मी मुख्यतः या प्रश्नांसाठी देतेय.

मागे लेकीला जोरात इन्फेक्शन झालं, ताप आणि जुलाब दोन्ही. डोस तोच, वेळ तीच, एकही गोळी चुकलेली नाही तरी लेव्हल एकदम चढली, हात थरथरायला लागले आणि किडनीवर ताण आला की वाढणारं क्रिएटिनिन पण वाढलं. मी तर घाबरूनच गेले, वाटलं गोळीच चुकीची आली की काय. तिथल्या फार्मासिस्ट मॅडमनी शांतपणे बसवून सगळं समजावलं. शरीरात इन्फ्लमेशन (आतली सूज) वाढलं की आयएल-६ सारखी रसायनं रक्तात वाढतात आणि ती लिव्हरला सांगतात की औषधं तोडणारी एन्झाईम कमी बनव. टॅक्रोलिमस तोडायचं काम मुख्यतः सीवायपी३ए या गटाकडे असतं, हीच एन्झाईम आतड्याच्या अस्तरातही असतात, त्यामुळे जुलाबात तिथला अडथळाही कमी होतो आणि गोळीतलं जास्त औषध रक्तात पोचतं. म्हणजे दोन्हीकडून लेव्हल वर! एवढं कळल्यावर माझी अर्धी भीती गेली.

याची अगदी जुनी उदाहरणं आहेत हे मला माहीतच नव्हतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीत १९८० मध्ये इन्फ्लुएंझा बी ची साथ आली तेव्हा दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्या मुलांना नेहमीच्याच डोसवर विषबाधेची लक्षणं दिसली, कारण आजारपणात ते औषध शरीरातून बाहेर पडणं मंदावलं होतं. आणि २०१६ मधला आयसीयूतल्या मुलांचा मिडॅझोलॅम या गुंगीच्या औषधाचा अभ्यास आहे, त्यात सीआरपी १० असताना शरीर ज्या वेगाने औषध बाहेर काढतं त्यापेक्षा सीआरपी ३०० असताना तो वेग साधारण ६५ टक्क्यांनी कमी निघाला. पासष्ट टक्के! वजन तेच, वय तेच, तरी एवढा फरक. मुलांचा डोस किलोवर मोजतात हे आपण गृहीत धरतो, पण त्या हिशोबात आजारपण कुठेच येत नाही हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता खरी गंमत पुढे आहे आणि इथेच या टीमला मी मनापासून मानते. डॉक्टरांनी डोस कमी केला तेव्हाच मॅडमनी सांगून ठेवलं की इन्फेक्शन उतरलं की एन्झाईम परत कामाला लागतील आणि मग हाच कमी केलेला डोस अपुरा पडेल, रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारण्याचा, धोका तेव्हा असतो, म्हणून बरं वाटायला लागल्यावर लेव्हल टाळू नका. आम्ही कदाचित टाळलीच असती कारण पोर खेळायला लागली होती. लेव्हल केली तर खरंच खाली आलेली, डोस परत वाढवला. आकडा वर गेला की सगळेच धावतात, उतरणीला कोण लक्ष देतं?

सगळ्या औषधांना हे लागू नाही हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. जी औषधं किडनीतून जातात, उदाहरणार्थ व्हॅनकोमायसिन हे अँटिबायोटिक, त्यांचं गणित वेगळं, सेप्सिस (सगळ्या शरीरावर परिणाम करणारं गंभीर इन्फेक्शन) झालेल्या काही मुलांची किडनी उलट जास्त वेगाने औषध बाहेर टाकते आणि लेव्हल कमी पडते. शिवाय तान्ह्या बाळांमध्ये सीवायपी३ए४ (वरच्याच गटातलं एन्झाईम) अजून पूर्ण तयारच झालेलं नसतं, त्यामुळे मोठ्यांचे आकडे त्यांना सरळ लावता येत नाहीत.

बाकी व्यवस्था ठीक. सकाळच्या डोसच्या आधी सॅम्पल घेतात, शेवटचा डोस किती वाजता दिला ते ट्यूबवर लिहितात, नवीन अँटिबायोटिक सुरू झालंय का तेही विचारतात कारण क्लॅरिथ्रोमायसिनने सुद्धा ही लेव्हल चढते आणि मग दोष आजाराचा की औषधाचा ते कळत नाही. नस शोधणाऱ्या ताईंचा हात हलका आहे, रडारड कमी.

अर्धा स्टार कापला तो रिपोर्टच्या कागदासाठी. त्यावर फक्त लेव्हल आणि बाजूला रेंज छापतात, त्या दिवशीचा सीआरपी, ताप, जुलाब यातलं काहीच नाही. सगळं मॅडमच्या तोंडी. दुसऱ्या डॉक्टरकडे तो कागद नेला तर त्यांना मूल तेव्हा आजारी होतं हे कळणार कसं? मी आता प्रत्येक रिपोर्टच्या मागे पेनने स्वतः लिहून ठेवते. रविवारी रात्री फोनवर समजावणारं कोणी नसतं हेही खटकतं, मुलं काय वार बघून आजारी पडतात का.

टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन (हेही रिजेक्शन टाळण्यासाठीच), व्होरिकोनॅझोल (बुरशीच्या इन्फेक्शनसाठी) असलं काही चालू असेल आणि मुलाला मोठं इन्फेक्शन झालं तर स्वतःहून डोस बंद किंवा कमी करू नका, त्याच दिवशी ट्रान्सप्लांट टीमला फोन करा आणि लेव्हलसोबत सीआरपी पण करायचा का ते विचारा.