मल्टिमीटर काही महिने वापरल्यावर: बाईकची बॅटरी कोण पितं ते सापडलं

गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता 'टक्' करून गप्प. मेकॅनिकने बॅटरी गेली म्हणून सांगितलं, नवी टाकली, तर तिनेही महिन्याभरात तेच रडगाणं सुरू केलं. तेव्हा हा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट मोजणारा मीटर) घेतला. ऑटोरेंजवाला (रेंज स्वतःच निवडणारा), करंटसाठी दोन वेगळी छिद्रं (एक मिलीअँपचं, एक १० अँपचं), आणि मिन-मॅक्सचं (सगळ्यात लहान-मोठा आकडा धरून ठेवणारं) बटण. घेताना हे शेवटचं बटण फालतू वाटतं, पण तसं नाही. त्याबद्दल खाली लिहिलंय.

व्होल्टेज मोजायला डोकं लागत नाही. फक्त गाडी बंद करून तीन-चार तास जाऊ द्यायचे, नाहीतर नुकत्याच झालेल्या चार्जिंगमुळे आकडा उगाच फुगलेला दिसतो. शांत बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवत असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, आणि १२ च्या आसपास आली की जवळजवळ रिकामीच समजा. मग गाडी चालू करून रेस द्यायची. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग ठीक. तो १२ च्या घरातच घुटमळत असेल तर गळती (गाडी बंद असतानाही बॅटरीतून जाणारा करंट) शोधण्यात अर्थ नाही, दोष स्टेटर (इंजिनवर वीज तयार करणारी कॉइल), रेग्युलेटर (ती वीज आवरून बॅटरीला देणारा डबा) किंवा त्यांच्या वायरिंगमध्ये आहे. आणि १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बॅटरीला उकडून काढतोय. माझ्याकडे १४.२ येत होता, म्हणजे चार्जिंगवरचा संशय फिटला.

आता खरं काम. चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची, आणि मीटर त्या वायरच्या लगच्या (टोकाच्या धातूच्या कडीच्या) व टर्मिनलच्या मध्ये जोडायचा. लाल प्रोब आधी १० अँपच्या छिद्रात, आकडा अगदी लहान दिसला तरच मिलीअँपच्या. मीटर मध्ये असताना चावी फिरवायची नाही आणि सेल्फला तर बोटही लावायचं नाही. स्टार्टर १० अँपच्या कितीतरी पट करंट ओढतो, मीटरचा फ्यूज जागीच उडेल. इंजेक्शनवाल्या गाडीत जोडल्या जोडल्या आकडा क्षणभर वर उडी मारतो, तो खाली बसेपर्यंत थांबायचं.

माझा आकडा बसला १.२ मिलीअँपवर. घड्याळ आणि ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) मेमरी धरून हे अगदी निरोगी. तरी बॅटरी उतरत होती!

मेख निगेटिव्हच्या बोल्टखाली होती. तिथे जाड काळ्या वायरसोबत एक बारीक वायर दाबलेली होती, हँडलवरच्या यूएसबी चार्जरची. नुसती जाड वायर सोडवली तर बारकीचा करंट मीटरमधून जातच नाही, ती आपली थेट टर्मिनलवर बसून निवांत पीत राहते. दोन्ही लग एकत्र धरून मगरचिमट्यात पकडले आणि आकडा गेला २९ वर. चार्जरवर ना मोबाईल, ना काही. नुसता त्याचा निळा व्होल्टमीटर दिवसरात्र चालू. २९ मिलीअँप म्हणजे २४ तासांत जवळपास ०.७ अँपिअर-अवर. ५ अँपिअर-अवरची (म्हणजे १ अँप पाच तास देऊ शकेल एवढ्या साठ्याची) बॅटरी आठवड्यात कोरडी, आणि सेल्फ त्याच्या बराच आधी मान टाकणार. गाडीचा मुख्य फ्यूज काढूनही हा आकडा फारसा हलला नाही, कारण चार्जरची पॉझिटिव्ह वायर फ्यूजच्या आधी, थेट बॅटरीवर होती. आता तो रिलेवर (चावीच्या करंटने चालणाऱ्या स्विचवर) घेतलाय, चावी चालू झाली तरच जागा होतो. तेव्हापासून तीच बॅटरी सकाळी १२.७ च्या आसपास सापडते.

ज्यांच्या गाडीवर असं बाहेरचं काही लावलेलं नाही, त्यांनी एकेक फ्यूज काढत आकड्याकडे बघावं. तो ज्या फ्यूजला धपकन पडेल, त्या लाईनमध्ये चोर. कुठलाच फ्यूज काढून पडला नाही तर रेग्युलेटरचा कपलर (वायरींचा जोड) सोडून बघा, त्याच्या आतले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) लीक झाले की बॅटरी उलट्या बाजूने रिकामी होते.

आता मीटरच्या तक्रारी. सोबतचे प्रोब कडक आहेत. सीटखालच्या अडचणीत एका हाताने लग, दुसऱ्याने टर्मिनल सांभाळताना ते हमखास निसटतात, त्यामुळे मगरचिमटे वेगळे घ्यावे लागले. १० अँपच्या रेंजवर सगळ्यात लहान पायरी १० मिलीअँपची, म्हणजे बारीक गळती तिथे जवळपास दिसतच नाही. पडदाही सुस्त आहे. सेल्फ मारताना व्होल्टेज जो गोता खातो तो डोळ्यांना पकडता येत नाही, तिथे मिन-मॅक्स कामाला येतं. हा तळ ९.५ च्याही खाली गेला तर बॅटरी खरोखर थकली असं मी धरतो. मीटरची स्वतःची ९ व्होल्टची बॅटरी उतरली की आकडे बिनदिक्कत खोटे येतात, कोपऱ्यातल्या चिन्हाकडे लक्ष ठेवा. (बॅटरी तपासणाऱ्याची बॅटरी कोण तपासणार?)

क्लॅम्प मीटर (वायर न सोडवता तिच्याभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) घ्यायचा विचार असेल तर या कामापुरता नको. साधे क्लॅम्प फक्त एसी करंट मोजतात, आणि डीसीवालेही काही मिलीअँपच्या पातळीवर सहसा भरवशाचे नसतात.