आठवीपासून शाळेतच बांधकाम, की दहावीनंतर आयटीआय?

पोरगं सातवी झालंय, पुस्तकापेक्षा हातोडीत जीव जास्त, आणि घरात ‘पुढे काय’ सुरू झालंय, अशांसाठी हे. फी, फॉर्म, तारखा सांगत बसत नाही, त्या तुम्ही काढालच. माझ्या मुलाच्या वेळी दोन वाटा होत्या. तालुक्यातल्या एका शाळेत आठवी ते दहावी ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’, इंग्रजी नावावरून आयबीटी. नाहीतर साधी दहावी करून जळगाव किंवा धुळ्याला आयटीआय. तिसरी वाट मामाच्या साइटवर बिगारी म्हणून उभं राहण्याची. ती आमच्याकडे कोणी मोजत नाही, कारण ती सगळ्यांनाच उघडी असते. अठरा पूर्ण होईपर्यंत बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसुद्धा होत नाही, म्हणून मीही ती बाजूला ठेवली.

आयटीआयचं पारडं जड आहे, हे आधीच कबूल. देशभर चालणारं प्रमाणपत्र मिळतं, पुढे अप्रेंटिसशिपचा रस्ता आहे, आणि भुसावळसारख्या रेल्वेच्या गावाशेजारी राहणाऱ्याला कागदाची किंमत वेगळी सांगायला नको. गवंडीकामाचा ट्रेड एक वर्षाचा, सिव्हिल ड्राफ्ट्समन, म्हणजे बांधकामाचे नकाशे काढणारा, दोन वर्षांचा. सहसा हत्यारं पुरेशी असतात, शिकवणारा त्याच विषयातला असतो.

आयबीटी तशी विखुरलेली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला, तिथून ही पद्धत शाळांत गेली. आठवड्यातला एक दिवस हाताने काम. पण त्या एका दिवसात शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि अभियांत्रिकी असे चार वाटे. बांधकाम, प्लंबिंग, वेल्डिंग, फेरोसिमेंट (जाळीवर सिमेंटचा पातळ थर) सगळं त्या चौथ्या वाट्यात. दहावीनंतर पोरगा मिस्तरी होऊन बाहेर पडेल, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मग मी आयबीटीकडे का झुकलो? एका गोष्टीमुळे. शेजारचा मुलगा ज्या आयटीआयत होता तिथली कार्यशाळा बघायला गेलो होतो. पोरांनी इंग्लिश बॉण्डमध्ये, म्हणजे एक थर आडव्या आणि एक थर उभ्या विटांचा अशी, सुरेख भिंत उचललेली. ओळंबा लावला, काटकोन बघायला गुण्या लावला, मार्क दिले, आणि दुपारी ती भिंत पाडली. विटा घासून पुन्हा रचल्या. जोडणी मातीच्या गाऱ्यातच होती, विटा वाचाव्यात म्हणून. विटांचा भाव बघता त्यात चूक म्हणता येत नाही. सगळीकडे असंच असतं असंही माझं म्हणणं नाही. पण मला ते खटकलं ते खटकलंच. भाकरी थापायची आणि तव्यावर न टाकता पुन्हा मळायची, तसा प्रकार.

कारण आपल्याकडे काम बिघडतं ते थापीपाशी नाही, पाण्यापाशी. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर असताना सकाळचा गिलावा संध्याकाळपर्यंत पांढरा पडतो आणि आठवड्यात त्यावर केसासारखे तडे दिसतात. काँक्रीटला साध्या सिमेंटवर निदान सात दिवस पाणी हवं. आयएस 456, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, कोरड्या उष्ण हवेसाठी दहा दिवस सांगतं, आणि राख मिसळलेल्या पीपीसीला चौदा दिवसांची शिफारस करतं. आपल्या दुकानात मिळतं ते बहुतेक पीपीसीच. जी भिंत दुपारीच पाडायची, तिला पाणी कोण मारणार?

आयबीटीच्या शाळेत मुलांनी हातपंपाभोवतीचा ओटा बांधला. खरं सिमेंट, तापीची वाळू. गोणपाट ओलं ठेवायला पोरं पाळीपाळीने रविवारीही गेली. एका कोपऱ्यात गोणपाट सरकलं, तिथेच तडा गेला. शिकवणारे गावातलेच मिस्तरी, अहिराणीत एवढंच म्हणाले, ‘कोरडं शे रे भो’, म्हणजे कोरडं आहे रे भाऊ. आता माझा मुलगा मामाच्या साइटवर गेला की आधी टाकीत पाणी किती आहे ते बघतो.

आणखी एक. शाळेत थापी मुलींच्याही हातात होती. आपल्या साइटवर बाया घमेली वाहतात, गिलावा मात्र पुरुष करतात. आयटीआयच्या त्या वर्गात मुलगी एकही दिसली नाही. माझ्या पुतणीसाठी मी तेवढ्यावरच ठरवलं असतं.

अर्थात शाळेचं सगळं निदेशकावर अवलंबून. तो फक्त कागदावर असेल, तर आयटीआय कधीही बरी. घरची ओढाताण असेल आणि लवकर कमावतं व्हायचं असेल, तरी तीच. शिवाय आयबीटी केली म्हणून आयटीआयचं दार बंद होत नाही; आमचा दहावीनंतर ड्राफ्ट्समनचा फॉर्म भरणार आहे.

प्रवेशाआधी शाळेत जा आणि मुलांनी मागच्या वर्षी बांधलेलं काय उभं आहे ते दाखवायला सांगा. प्रकल्पाच्या फायली दाखवायला लागले, तर चहा घ्या आणि दुसरी शाळा बघा.