व्हेडर: कोश पॅकेजमध्येच की वेगळा?

सोशल मीडियावरच्या मजकुराचा भावनिक कल (सकारात्मक की नकारात्मक) ओळखणारी ‘व्हेडर’ ही मुक्त-स्रोत लायब्ररी पायथनमध्ये दोन वाटांनी मिळते. स्वतंत्र पॅकेज पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) टाकलं की शब्दांचे भावनिक गुण सांगणारा सुमारे ७,५०० नोंदींचा कोश सोबतच येतो. विश्लेषण करताना नेट नसलं तरी अडत नाही. एनएलटीके या भाषा-प्रक्रियेच्या पायथन लायब्ररीमधून घेतलं तर कोश वेगळा उतरवावा लागतो. डॉकर इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फाइलींचा तयार संच) बनवताना ही पायरी हमखास राहून जाते आणि कोश न सापडल्याने कोड ‘लुकअप एरर’ देऊन थांबतो. एवढ्याशा कोशासाठी मी तरी तो पॅकेजमध्येच बांधून देईन. बर्ट-बेससारखं सुमारे ४४० एमबीचं भाषा-मॉडेल असेल, तर मात्र पायपीआय या पायथन पॅकेजांच्या ऑनलाइन भांडाराची फाइलमागे १०० एमबीची नेहमीची मर्यादा आड येते. तिथे वेगळं ठेवण्यावाचून इलाज नाही.