शाओबिंग की बाईजिमो: पहिल्यांदा काय मागवावे?

बीजिंग किंवा शीआनमधल्या छोट्या खाणावळीत भट्टीतून निघालेली चिनी रोटी पहिल्यांदा चाखणाऱ्याने आधी एकच गोष्ट ठरवावी: आपल्याला रोटीची चव हवी आहे की तिच्यातल्या सारणाची?

रोटीचीच चव हवी असेल, तर बीजिंगचे तिळाच्या वाटणाचे शाओबिंग मागवावे. गव्हाचे पीठ थोडे आंबवून, मोठे व पातळ लाटून त्यावर तिळाचे दाट वाटण, मीठ आणि भाजून कुटलेले ह्वाज्याओ पसरतात. हे ह्वाज्याओ म्हणजे कोकणातल्या माशांच्या आमटीत पडणाऱ्या तिरफळाचे जवळचे भाईबंद. त्यामुळे जिभेवरची ती हलकी बधिरता मालवणी किंवा गोव्याच्या माणसाला परकी वाटणार नाही. मग बाकरवडीसारखी गुंडाळी करून तुकडे पाडतात, कडा आत दुमडतात, वरचा भाग पांढऱ्या तिळात दाबतात आणि तव्यावर शेकून नंतर भट्टीत भाजतात. मोडले की पदर सुटतात आणि प्रत्येक पदराला वाटणाची तपकिरी रेघ दिसते. त्यात मांस नसते, म्हणून शाकाहारी माणसासाठी माझी शिफारस निःसंशय हीच आहे.

शीआनच्या बाईजिमोची गोष्ट वेगळी आहे. ही पांढरट, जाडसर रोटी मुद्दाम फिकी ठेवलेली असते, कारण तिला मसाल्यात मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेले डुकराचे मांस आणि त्याचा रस पोटात घ्यायचा असतो. मांस मागणीनुसार लाकडी ठोकळ्यावर बारीक करून, वर पळीभर रस घालून रोटीत भरतात, हेच रोउज्यामो. मागवताना थोडी चरबी असलेले मांस मागावे, नुसते बिनचरबीचे मांस कोरडे लागते. डुकराचे मांस वर्ज्य असणाऱ्यांनी त्याच शहरातल्या मुस्लिम मोहल्ल्यात जावे; तिथे गोमांसाचे रोउज्यामो मिळते, पण गोमांसही वर्ज्य असेल तर हा पर्याय बाद होतो.

हूबेई प्रांतातल्या जिंगझोउचे लांबट, पातळ ग्वोकुई (हीही एक रोटीच) भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजतात. ते कुरकुरीत आणि रुचकर असले, तरी पहिल्या अनुभवासाठी मी ते दुसऱ्या क्रमांकावरच ठेवीन.

जिआंगसू प्रांतातल्या ह्वांगच्याओचे शाओबिंग मात्र नावावरून बीजिंगच्या शाओबिंगासारखे समजू नये. १९४० च्या ह्वांगच्याओच्या लढाईत तिथल्या लोकांनी कम्युनिस्टांच्या ‘नव्या चौथ्या सेने’ला भाजून पुरवले म्हणून ते चीनभर प्रसिद्ध झाले; परंतु त्याच्या खुसखुशीत पदरांसाठी परंपरेने डुकराची चरबी वापरतात. तेव्हा शाकाहारी माणसाने सारण विचारून थांबू नये, पिठात कोणते मोहन घातले आहे हेही विचारावे.