गिझर बिघडला: स्वतः उघडायचा, गल्लीतला मिस्त्री बोलवायचा की कंपनीत तक्रार नोंदवायची?

डिसेंबर-जानेवारीत धुळ्यात पारा सहा-सात अंशांवर उतरतो आणि नेमके त्याच आठवड्यात जळगावपासून शहाद्यापर्यंतचे गिझर संपावर जातात. उन्हाळ्यात आपल्याकडे छपरावरच्या टाकीतलंच पाणी हात पोळेल इतकं तापतं, त्यामुळे सात-आठ महिने गिझरकडे कोणी बघत नाही. आतलं पाणी तसंच पडून राहतं, क्षार तळाला बसतात, रबर कडक होतं आणि थंडीत बटण दाबलं की सगळी दुखणी एकदम वर येतात. मिस्त्रीही तेव्हाच सगळ्यांना हवा असतो. त्याच्या 'उद्या येतो'चे चार दिवस होतात आणि मग घरातलं कोणीतरी टेस्टर-पकड घेऊन स्टुलावर चढतं.

चढायला हरकत नाही, पण कशासाठी चढतोय ते आधी ठरलेलं बरं. माझं मत आताच सांगतो. गिझरच्या झाकणाबाहेरचं काम घरच्यांनी करावं, विजेच्या गिझरचं झाकण वायरमननं उघडावं, आणि गॅस गिझरचं झाकण त्याच कंपनीच्या माणसाशिवाय कोणी उघडूच नये. साखर कारखान्यातल्या वाफेच्या बॉयलरचा इथे संबंध नाही. त्याला कायदा वेगळा, निरीक्षक वेगळा, तिथे 'स्वतः करून बघू' हा पर्यायच नसतो. पाणी शंभर अंशांच्या आत तापवणारा घरचा गिझर त्या कायद्यात येत नाही, म्हणून निर्णय आपल्यावर येऊन पडतो.

आधी बघा, बिघाड खरंच गिझरमध्ये आहे का

'पाणी तापायला फार वेळ लागतो' ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि खेड्यात बऱ्याचदा तिचं कारण गिझरमध्ये नसतंच. हिशोब करून बघा. १५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर २० अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला साधारण २१ मिनिटं घेतो. पण रब्बीच्या हंगामात गहू-हरभऱ्याला पाणी देणाऱ्या मोटारी चालू असतात आणि घरातला व्होल्टेज १८० वर आलेला असतो. व्होल्टेज घटला की ताकद वर्गाच्या प्रमाणात घटते: २००० वॅटचा गिझर तेव्हा जेमतेम सव्वाबाराशे वॅटनं चालतो. तेच पाणी तापायला ३४ मिनिटं लागतात. इथे एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी कांडी, बदलून काही उपयोग नाही. मिस्त्री बदलून देईल, पैसेही घेईल आणि पुढच्या आठवड्यात तक्रार तीच राहील. व्होल्टेज मोजायला मल्टिमीटर लागतो, तो दोन-चारशे रुपयांत मिळतो, आणि स्वतः दुरुस्ती करायची नसली तरी घरात असावा.

दुसरी तक्रार म्हणजे 'खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब पडतात.' पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की पाव लिटरच्या आसपास वाढतं, आणि परत जायला वाट नसेल तर ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर येतं. तापताना पडणारे हे थेंब म्हणजे व्हॉल्व्ह शाबूत असल्याची खूण. त्या तोंडाला बूच मारणारे महाभाग मी पाहिलेत, एम-सील लावणारेही. टाकी फुटायची असेल तर ती तिथूनच सुरुवात करते. गिझर बंद असतानाही पाणी सतत गळत असेल तर गोष्ट वेगळी, मग व्हॉल्व्ह बदलावा लागतो.

घरच्यांनी करण्याजोगं

प्लग आणि सॉकेट नाकानं आणि डोळ्यांनी तपासा. २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचं सॉकेटच हवं. कन्व्हर्टर पिन लावून तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवला असेल तर पिना काळ्या पडलेल्या दिसतील, जळकट वास येईल. वापर तिथेच थांबवायचा. येणाऱ्या पाण्याच्या नळीची जाळी काढून धुणं, शॉवरच्या जाळीतला पांढरा थर व्हिनेगरमध्ये घालवणं, ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या थर्मोस्टॅटची घुंडी ५५-६० अंशांवर आणून ठेवणं ही सगळी घरची कामं. घुंडीचं काम लोक हसण्यावारी नेतात. पाणी जितकं जास्त तापेल तितका चुना जास्त वेगानं बसतो, आणि आपल्याकडचं पाणी आधीच जड. नळाला पाणी येणार चार-आठ दिवसांआड, मधले दिवस बोअर. काळ्या पाषाणातून येणाऱ्या त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं. भांड्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच गिझरमध्ये एलिमेंटवर बसतो.

ज्या गिझरला बाहेरून रिसेटचं बटण आहे, ते एकदा दाबून बघायला हरकत नाही. पुन्हा ट्रिप झालं तर दुसऱ्यांदा दाबू नका. आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडत असेल तर तो वर करून करून आंघोळ उरकणं हा तर जिवाशी खेळ आहे. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तो पडतोय याचा अर्थ वीज भलतीकडे जाते आहे.

झाकणाच्या आत

आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर स्वतः उघडणारे गल्लीगल्लीत आहेत. फ्यूज बांधणं, कॉन्टॅक्ट घासणं हे पोरं दहावीच्या आत शिकतात. त्यामुळे गिझरबद्दलही 'काही व्हत नही भो' हे उत्तर तयार असतं. आणि खरं सांगायचं तर विजेच्या गिझरमध्ये गुंतागुंत फारशी नसतेच. खालचं झाकण काढलं की थर्मोस्टॅट, पाणी अति तापलं तर वीज तोडणारा कटआउट, एलिमेंटची दोन टोकं आणि अर्थिंगची हिरवी वायर, संपलं. वीज पूर्ण तोडून, वायरी सोडवून मल्टिमीटर लावला तर २००० वॅटच्या एलिमेंटवर साधारण २६ ओहम दिसायला हवेत, ३००० वॅटच्या इन्स्टंट गिझरच्या एलिमेंटवर १७-१८. काहीच दिसलं नाही तर एलिमेंट तुटला. एक टोक आणि गिझरचं धातूचं अंग यांच्यामध्ये रीडिंग आलं तर त्याची नळी फुटली आहे आणि वीज पाण्यात उतरते आहे.

मग हे काम वायरमनकडे का द्यायचं? 'वीज पूर्ण तोडून' हे तीन शब्द बोलायला सोपे आहेत म्हणून. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. बटण बंद असतं आणि गिझरच्या टोकावर फेज जिवंत असतो. विहिरीवर आपण मोकळ्या रानात, पायात चपला घालून काम करतो. इथे ओल्या फरशीवर, अरुंद मोरीत, अनवाणी उभे असतो. दुसरं कारण गॅस्केटचं, म्हणजे जोडातल्या रबराचं. एलिमेंट ज्यावर बसवलेला असतो ती चकती काढली की आतून चुन्याची ढेकळं आणि गढूळ पाणी बदाबदा खाली येतं. ते साफ करून, नवं गॅस्केट घालून, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळत चकती सपाट बसवावी लागते. एक बाजू आधी आवळली की दुसरीकडून थेंब थेंब पाणी पाझरतं, आणि ते पडतं थेट वायरींच्या टोकांवर. ज्यानं पाच-पन्नास चकत्या बसवल्यात त्याच्या हाताला हा अंदाज असतो.

पैशांचा फरकही वाटतो तेवढा नाही. एलिमेंट, थर्मोस्टॅट, गॅस्केट असं सगळं बदललं तरी मालाचा खर्च हजाराच्या आतबाहेर असतो आणि तो दोन्हीकडे सारखाच. वाचते ती मजुरी, साधारण तीनशे ते पाचशे. चुकीचा एलिमेंट आणला, बोल्टचं पिळं गेलं किंवा पुन्हा बाजारात जावं लागलं की ती बचत तिथेच संपते. गिझर वॉरंटीत असेल तर विचारही करू नका. टाकीला बहुधा पाच-सात वर्षांची वॉरंटी असते, आणि सील तुटलेलं दिसलं की कंपनीला हात झटकायला कारण मिळतं.

गल्लीतला मिस्त्री की कंपनीचा माणूस

खरी निवड इथे आहे. कंपनीत तक्रार नोंदवली तर धुळे-जळगाव शहरात एक-दोन दिवसांत माणूस येतो. तळोदा, अक्कलकुवा, चोपड्याकडच्या खेड्यात तो 'आठवड्यात एकदा त्या बाजूला येतो'. त्याच्याकडे माल अस्सल असतो, पावती मिळते, पण जिथे पन्नास रुपयांचं गॅस्केट पुरलं असतं तिथे तो अख्खा संच बदलायला सांगण्याची शक्यता असते. गल्लीतला मिस्त्री संध्याकाळी ड्युटी संपवून येतो, चहा घेतो, दोन वर्षांपूर्वी तुमच्या घरात काय बसवलं ते त्याला आठवतं, आणि पैसे पगार झाल्यावर दिले तरी चालतात. वॉरंटी संपलेल्या विजेच्या गिझरसाठी मी त्यालाच बोलवीन. एक अट आहे. त्याच्या तोंडून 'डायरेक्ट करून देतो' निघालं की काम तिथेच थांबवायचं.

डायरेक्ट म्हणजे खराब थर्मोस्टॅट किंवा कटआउट वगळून वायर सरळ एलिमेंटला जोडणं. पाणी झकास तापतं, पैसे कमी लागतात, घरचे खूश. पण आता पाणी किती तापलं हे बघणारं कोणी उरलं नाही. बटण बंद करायचं विसरलं की पाणी उकळतच राहतं, आणि त्यात व्हॉल्व्ह चुन्यानं जाम झालेला असला तर बाथरूमच्या भिंतीवर बॉम्ब टांगल्यासारखंच. पारोळ्याकडच्या एका घरात असा डायरेक्ट केलेला गिझर दोन हिवाळे चालला होता; नळातून पाण्याऐवजी वाफ फुसफुसायला लागली तेव्हा त्यांनी झाकण उघडून घेतलं. आत थर्मोस्टॅट नुसता शोभेला लटकत होता, दोन्ही वायरी एकत्र पिळून वर काळी टेप. अशा मिस्त्रीपेक्षा स्वतः केलेलं काम बरं असं म्हणायची पाळी येते.

म्हणून पैसे देण्याआधी जुना भाग हातात मागा, नव्यावर आयएसआयचा शिक्का बघा आणि मिस्त्री समोर असतानाच पाणी पूर्ण तापून लाल दिवा आपोआप विझतो का ते पाहा. विझला तर थर्मोस्टॅट जागेवर आहे. आत मॅग्नेशियमची कांडी असते, ती स्वतः झिजून टाकी वाचवते. चकती काढलीच आहे तर तिच्याकडेही नजर टाकायला सांगा. बोअरच्या पाण्यात ती दोन-तीन वर्षांत बोटाएवढीची काडीएवढी होते.

गॅस, सोलर आणि बंब

गॅस गिझरमध्ये घरच्यांचं काम दोन सेल बदलणं, पाण्याची जाळी धुणं आणि गॅसच्या नळीच्या जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघणं, एवढंच. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख नळीवरच छापलेली असते. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली तर ज्वलन अपुरं आहे, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय. त्याला रंग नाही, वास नाही. खिडकी नसलेल्या मोरीत माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि घरच्यांना वाटतं चक्कर आली. गिझर मोरीच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. डायाफ्राम, बर्नर, गॅसचा व्हॉल्व्ह यांना वायरमननंही हात लावू नये, त्याचं ते काम नाही. सिलिंडरमधून गळतीचा वास आला तर १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

सोलरचं पारडं उलटं आहे. तिथे स्वतः करण्यासारखं बरंच आहे. काचेच्या नळ्या माकडांनी किंवा पोरांच्या क्रिकेटनं फुटतात, तेव्हा एक नळी आणून बसवता येते. काम पहाटे करायचं आणि नळ्या पोत्यांनी झाकून ठेवायच्या. आपल्याकडच्या उन्हात रिकामी नळी भयंकर तापते, तिच्यात गार पाणी गेलं की तडकलीच. न फुटलेली पण निकामी झालेली नळी ओळखायची खूण तिच्या तळाशी असते: चांदीसारखी चमक असेल तर निर्वात शाबूत, तिथे दुधी पांढरं दिसलं तर हवा शिरली. मात्र टाकी उंचावर, शिडी लावूनच पोचता येणारी असेल तर हट्ट करू नका.

तांब्याचा बंब अजून ज्यांच्या अंगणात आहे त्यांना एवढंच: राख रोज काढा, पाणी भरल्याशिवाय पऱ्हाट्या पेटवू नका. जोड सुटला तर तांबट शोधा. एम-सील जाळासमोर टिकत नाही.

आणि विजेच्या गिझरची आतली टाकीच गळत असेल, म्हणजे पाणी जोडातून न येता पत्र्याच्या कवचातून झिरपत असेल, तर तिथे ना तुमची पकड चालते ना मिस्त्रीची. नवा गिझर घ्यावा लागतो. तेव्हा 'जुना मी घेऊन जातो, फिटिंगचे पैसे देऊ नका' असं मिस्त्री म्हणाला तर आधी जुन्याची टाकी कशाची आहे ते विचारा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या बऱ्याच गिझरांत तांब्याची टाकी असायची, आणि भंगारवाल्याकडे तांब्याचा भाव फिटिंगच्या मजुरीपेक्षा कितीतरी वर जातो.