बूटपॉलिश लावून ‘जुना’ केलेला माया मुखवटा

मुखवटा आधी उलटा करा. लबाडी समोरून कळत नाही, आतून कळते.

‘ऐंशी वर्षं जुना, हरणाच्या नाचात वापरलेला’ असं सांगून मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाहून पाठवलेल्या एका माया (तिथले मूळ रहिवासी) मुखवट्याचे विक्रेत्याने सगळे फोटो समोरूनच दिले होते. आतून लाकूड सगळीकडे सारखंच काळपट. टर्पेंटाइनचा कापूस फिरवला तर कापूस तपकिरी, आणि वास बूटपॉलिशचा! (ही चाचणी फक्त आतल्या बाजूला; रंगावर केलीत तर रंग जाईल.) नाचलेल्या मुखवट्यात घाम कपाळ, नाक, हनुवटी टेकते तिथेच मुरतो. तेवढं लाकूड गुळगुळीत आणि गडद होतं, बाकी खोलगट भागात पटाशीच्या खुणा स्पष्ट राहतात. दोरीच्या भोकांची कडही ओढ बसते त्या बाजूला झिजते. इथे भोकं नुकती पाडल्यासारखी गोल होती.

किडीची भोकंही ड्रिलची निघाली: सगळी एका मापाची, सरळ आत गेलेली. कीड अशी शिस्तीत चालत नाही.

रंगाबाबत बहुतेक लोक उलटा विचार करतात. तिथे नाचाचे पोशाख आणि मुखवटे भाड्याने देणारी दुकानं असतात, त्यांना मोरेरिया म्हणतात. तिथले मुखवटे वरचेवर पुन्हा रंगवले जातात. त्यामुळे खरा जुना मुखवटा चकचकीत दिसू शकतो; टवका उडालेल्या जागी भिंगातून एकाखाली एक थर दिसतात. कळकट दिसणाऱ्या या मुखवट्यावर थर एकच, त्याखाली कोरं पाइन.

‘हजार वर्षांपूर्वीचा’ म्हणणाऱ्याशी तर बोलूच नका. त्या दमट हवेत इतकं जुनं लाकूड क्वचितच टिकतं. पालेंके या प्राचीन माया शहराच्या पाकाल राजाचा प्रसिद्ध मुखवटाही लाकडाचा नाही, जेड या हिरव्या दगडाचा आहे. शिवाय ग्वाटेमालाचा 1997 चा वारसा कायदा आहेच. वस्तू खरंच जुनी असेल तर निर्यातीची परवानगी दाखवायला सांगा.

ग्वाटेमालातल्या चिचिकास्तेनांगो गावाच्या गुरुवार-रविवारच्या बाजारात नवे जग्वार, माकडं, बैल उघडपणे नवे म्हणून मिळतात. कोरीवकाम सुरेख असतं, खुशाल घ्या.

ऑनलाइन घेताना आतल्या बाजूचा, भोकांचा आणि टवक्याचा जवळून काढलेला फोटो आधी मागा. ‘जुना, नाचात वापरलेला’ हे शब्द लेखी घ्या, जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा आणि पैसे क्रेडिट कार्डानेच भरा. वर्णनाशी वस्तू जुळली नाही तर बँकेकडे चार्जबॅक (कार्डाने भरलेले पैसे परत) मागताना हेच कागद लागतात, आणि त्याची मुदत फार लांब नसते.